हद्दवाढ आणि हजेरीपटावरची माणसं

एका नगरपरिषदेत नव्याने रुजू झालेल्या मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं आहे : लगतच्या तीन ग्रामपंचायती आत घेण्याचा प्रस्ताव आहे. गावकऱ्यांचं म्हणणं हरकती-सूचनांतून समजतं, पण दोन्हीकडच्या खालच्या कर्मचाऱ्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही. विचारलं तर प्रत्येक जण "चांगलंच आहे, साहेब" एवढंच म्हणतो. ही माणसं बदलाच्या विरोधात असतात का?

माझी बहुतेक नोकरी आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि सेवेच्या नोंदी बघणाऱ्या शाखेत गेली, आधी नगरपरिषदेत आणि नंतर महापालिकेत. समावेशनाच्या, म्हणजे गावाकडचे कर्मचारी शहराच्या नोकरीत घेण्याच्या फायली टेबलावरून इतक्या गेल्या की हद्दवाढ हा शब्द ऐकला की मला नकाशा दिसत नाही, सेवापुस्तकं दिसतात. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

केबिनमध्ये उभं राहून दिलेलं मत हे मत नसतं, ते सोडून द्या. ज्याच्या सहीने उद्या आपला पगार निघणार आहे त्याच्यापुढे कोण वाकडं बोलेल? दुसरी गोष्ट म्हणजे हरकती-सूचनांची प्रक्रिया रहिवाशांसाठी असते. ग्रामपंचायतीच्या शिपायाला त्यात रहिवासी म्हणून अर्ज करता येतो, पण कर्मचारी म्हणून त्याचं म्हणणं लिहायला जागाच नसते. एका गावात ग्रामसभेने हद्दवाढीला कडाडून विरोध केला होता. ठराव पल्लेदार भाषेत, सुरेख अक्षरात लिहिलेला. ते अक्षर तिथल्या लिपिकाचं होतं, आणि त्याच आठवड्यात तोच लिपिक आमच्या कार्यालयात येऊन "समावेशनाला कुठली कागदपत्रं लागतात" असं हळूच विचारून गेला. दोन्ही वेळा तो खरंच वागत होता. घरपट्टी वाढणार म्हणून त्याच्या वडिलांचा विरोध होता, आणि पगार वाढणार म्हणून त्याला स्वतःला हद्दवाढ हवी होती.

तेव्हा "विरोध की पाठिंबा" असं विचारून हाती काही लागत नाही. कर्मचाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो : माझी सेवा कुठल्या तारखेपासून धरणार?

हा प्रश्न वरून किरकोळ वाटतो. खालून पाहा. ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणजे लिपिक, शिपाई, पाणी सोडणारा, दिवाबत्ती बघणारा, झाडू मारणारा. पगार किमान वेतनाच्या दराने. त्यातला काही भाग ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून आणि काही शासनाच्या हिश्श्यातून येतो, आणि तो हिस्सा वर्षानुवर्षं करवसुलीशी जोडलेला. गावाने पट्टी भरली नाही की याचा पगार लटकला. नेमणूक कधीकाळी मासिक सभेच्या ठरावाने झालेली, ठरावाचं पुस्तक कुणाच्या तरी घरी किंवा वाळवीच्या पोटात. सेवापुस्तक असलंच तर सुरुवातीची दोन पानं भरलेली. असा माणूस वीस-बावीस वर्षं काम करतो आणि एक दिवस शासनाची अधिसूचना निघते, ग्रामपंचायत संपते, दप्तर ताब्यात घेतलं जातं. नमुना 8 ची आकारणी नोंदवही, नमुना 9 ची मागणी नोंदवही, रोकडवही, पावतीपुस्तकं, सगळ्याची यादी होऊन सह्या होतात. या माणसाची वीस वर्षं मात्र त्या यादीत नसतात.

मग आमच्यासारखे आस्थापनावाले विचारायला लागतात : पद मंजूर होतं का, लोकसंख्येनुसारच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या साच्यात) बसतं का, शैक्षणिक अर्हता आहे का, नेमणूक रीतसर झाली होती का. प्रश्न नियमाने बरोबरच असतात. पण या चारही प्रश्नांची उत्तरं त्या माणसाच्या हातात कधीच नव्हती. पद मंजूर करून घेणं आणि ठराव जपणं सरपंच-ग्रामसेवकांचं काम होतं.

आणि समजा यातून तो पार पडला. समावेशन झालं, आदेश मिळाला, पेढे वाटले. आदेशात लिहिलेलं असतं की ही नेमणूक आदेशाच्या दिनांकापासून नवीन समजण्यात येईल. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, ही रेषा चतुर्थ श्रेणीतल्या माणसालाही तोंडपाठ असते. 1998 पासून हजेरीपटावर असलेला माणूस कागदावर कालचा होतो. त्यात वय पन्नाशीच्या पुढे. वर्ग तीनमध्ये बसवलं तर निवृत्ती 58 ला, वर्ग चारमध्ये बसवलं तर 60 ला. म्हणून एखादा लिपिक स्वतःहून शिपायाचं पद मागतो तेव्हा साहेबांना नवल वाटतं. नवल कसलं? त्याने दोन वर्षांच्या पगाराचा हिशेब केलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना जवळजवळ कधीच माहीत नसते. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत 10 टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी राखीव असतात. दहा वर्षं सेवा झालेले, अर्हता असलेले लोक ज्येष्ठता यादीत नंबर लावून बसलेले असतात. गाव नगरपंचायत झालं किंवा शहरात गेलं की ती वाट बंद होते. यादीत वर पोचलेल्या माणसासाठी हद्दवाढ म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. तो सगळ्यात कडवा विरोधक होतो, आणि त्याचं कारण बैठकीत कधीच सांगत नाही, कारण सांगितलं तर "स्वतःपुरतं बघतो" म्हणतील.

याच्या बरोबर उलट टोकाला सफाई कामगार. गावातल्या कर्मचाऱ्यांत हद्दवाढीची सगळ्यात जास्त वाट पाहणारा कोण, असं विचाराल तर मी त्याचंच नाव घेईन. पगार हे एक कारण झालंच. हातमोजे, गमबूट, साप्ताहिक सुट्टी हे दुसरं. पण खरं कारण घरात असतं. सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नगरपालिका-महापालिकांतल्या कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळतो. गावात रोजंदारीवर झाडू मारणाऱ्याला तो नाही. तोच रस्ता, तोच झाडू, पण फलक बदलला की मुलाच्या नोकरीचा प्रश्न सुटतो. याच कामगाराला कायम करण्याऐवजी ठेकेदाराकडे वर्ग केलं तर तो एका रात्रीत विरोधक होतो. शहरांत घनकचऱ्याचं बरंचसं काम ठेक्यावर गेलेलं आहे, त्यामुळे ही भीती त्याने वर्तमानपत्रात वाचलेली नसते, शेजारच्या प्रभागात पाहिलेली असते. महिला कामगारांत मी आणखी एक गोष्ट ऐकली, तीही कार्यालयाबाहेर, चहाच्या टपरीमागे : "आता कुणाच्या घरचं अंगण तर झाडायला लागणार नाही ना?" ग्रामपंचायतीच्या पगारात कारभाऱ्यांच्या घरचं काम धरलेलं असायचं, अशी गावं मी पाहिली आहेत. त्या बायकांना बायोमेट्रिक हजेरीची कटकट वाटत नव्हती. अंगठा लावला, आठ तास काम केलं, सुटलो.

पाणी सोडणाऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या महिन्यात तुमचा घोळ तिथेच होणार आहे. गावातली पाण्याची लाइन कागदावर नसते. कुठला वॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कुठल्या आळीला चढ आहे म्हणून आधी पाणी द्यायचं, टाकी अर्धी असेल तर कुठला भाग दुसऱ्या दिवशी घ्यायचा, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. तो बहुधा सातवी पास. शहराच्या आकृतिबंधात त्या कामाला दहावी किंवा आयटीआय लागतो. मग त्याला शिपाई करून कार्यालयात बसवतात आणि वॉल्व्हवर दुसरा माणूस पाठवतात. एका समाविष्ट गावात असंच झालं. आठवडाभर वरच्या आळीला पाणी नाही, बायका हंडे घेऊन कार्यालयात आल्या, आणि ज्याला सगळं माहीत होतं तो माणूस दारात स्टुलावर बसून आत येणाऱ्यांची नावं विचारत होता. अभियंत्यांनी त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या आदेशात हे काम नाही, साहेब." उद्धटपणा नव्हता तो. वीस वर्षं रात्रीबेरात्री गाव ज्याच्या भरवशावर होतं, त्याला नव्या कार्यालयाने तुझी अर्हता नाही असं लेखी कळवलं होतं. हे उत्तर द्यायचा त्याला हक्क होता, असं मला आजही वाटतं. शेवटी त्याला पाणीपुरवठ्यात मदतनीस म्हणून घेतलं आणि प्रश्न मिटला. तेच पहिल्या दिवशी करता आलं असतं.

ग्रामसेवकांबद्दल थोडक्यात. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी, गाव गेलं तर दुसरं गाव मिळतं, नोकरीला धक्का नाही. पण मोठी गावं शहरात गेली की ग्रामविकास अधिकाऱ्यांच्या जागा कमी व्हायच्या आणि बढतीची रांग लांबायची. 2014-15 च्या सुमारास तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती मोठ्या संख्येने नगरपंचायती झाल्या तेव्हा ही कुरकुर सगळीकडे होती. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असं एकच पद करायचा निर्णय झाला, तेव्हा ते गणित बदललं. गावात हाक मात्र अजून "भाऊसाहेब" अशीच. जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांची चिंता वेगळी असते, बदल्यांची आणि ज्येष्ठतेची, आणि त्यांच्या संघटना भक्कम असल्याने ती तुमच्यापर्यंत आपोआप पोचेल. ज्याची कुणालाच आठवण राहत नाही तो म्हणजे संगणक परिचालक. दाखले तो काढतो, ऑनलाइन नोंदी तो करतो, पण कंत्राटी. ग्रामपंचायत संपली की त्याचं कामही संपतं, आणि समावेशनाच्या यादीत त्याचं नाव शोधून सापडत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या घरात या. हद्दवाढीवर बोलताना सगळे गावाकडच्या कर्मचाऱ्यांबद्दल बोलतात. नगरपरिषदेतल्या रोजंदारीवाल्यांना कुणी विचारलं आहे का? दहा-पंधरा वर्षं कायम होण्याची वाट बघत बसलेली ही माणसं. त्यांना दिसतं ते असं, की गावातून वीस-पंचवीस जण येणार, रिक्त जागांवर समावेशन मागणार, आणि आपण पुन्हा मागे. दोन्ही बाजूंचे लोक गरीब, दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं. नवी पदं मागायला गेलात तर आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आडवी येते. गावं आली तर क्षेत्र लगेच वाढतं, उत्पन्न मात्र हळूहळू, कारण समाविष्ट भागाची घरपट्टी एकदम वाढवत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यामुळे पहिली काही वर्षं तेवढ्याच मुकादमांनी, तेवढ्याच गाड्यांनी जास्त रस्ते झाडायचे असतात. तुमचा कायम कर्मचारी हद्दवाढीवर नाराज असेल तर त्याचं गावांशी वैर नाही. त्याने आपली बीट किती लांबणार ते मोजलेलं असतं.

अनेक संस्था मिळून एक होतात तिथे हे आणखी किचकट. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली ती चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून. अशा ठिकाणी चार कार्यालयांतले चार वरिष्ठ लिपिक एका यादीत येतात, आणि काल जो आपल्या कार्यालयात पहिला होता तो आज तिसरा होतो. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते त्या दिवशी कार्यालयात जी शांतता असते ती मी अनुभवली आहे. त्या दिवशी कुणी कुणाला चहाला बोलावत नाही.

लोकांना बदलाचा कंटाळा का येतो याचं उत्तरही इथे आहे. कल्याण-डोंबिवलीची 27 गावं पाहा. 1983 मध्ये महापालिका झाली तेव्हा आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत. 2020 मध्ये त्यातली 18 गावं वेगळ्या नगरपरिषदेसाठी वगळली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्ये महापालिकेत आली, 2024 मध्ये बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. या प्रत्येक हेलकाव्याला राजकारणाची, कराची, पाण्याची कारणं आहेत, त्यात मी शिरत नाही. पण अशा गावात झाडू मारणाऱ्याच्या किंवा बिलं वाटणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. प्रत्येक वेळी नवा साहेब, नवा नमुना, नवी हजेरी, आणि जुन्या सेवेचं काय हा प्रश्न तसाच. तिसऱ्यांदा असं झालं की माणूस काही मनावर घेत नाही. "बघू, टिकतंय का" म्हणतो. वरून आपण त्याला उदासीनता म्हणतो.

एक नाजूक विषय टाळता येणार नाही, तो म्हणजे आयत्या वेळची भरती. हद्दवाढीची कुणकुण लागली की काही ग्रामपंचायतींत अचानक माणसं नेमली जातात, मागच्या तारखांचे ठराव होतात. पुण्यात 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली तेव्हा अशा भरतीची जिल्हा परिषदेला चौकशी करावी लागली. यावर सगळ्यात जास्त चिडलेले कोण असतात माहीत आहे? त्याच ग्रामपंचायतींतले जुने कर्मचारी. नेत्याच्या पुतण्याचं नाव यादीत घुसलं की छाननी सगळ्यांचीच कडक होते, आणि वीस वर्षं काम केलेल्या माणसाकडेही संशयाने पाहिलं जातं. खरी यादी कुठली हे तुम्हाला त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. पण ते सांगणार नाहीत, कारण त्यांना गावातच राहायचं आहे. त्यांच्याकडून नावं काढून घ्यायचा प्रयत्नही करू नका. जुने हजेरीपट, पगारपत्रकं आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा समोरासमोर ठेवलात की यादी आपली आपण बोलते.

काउंटरवरच्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं. अधिसूचनेनंतर पहिलं वर्षभर गावाचा सगळा राग त्याच्यावर निघतो. जन्माचा दाखला पूर्वी दहा मिनिटांत मिळायचा, आता ऑनलाइन अर्ज करा. बांधकाम परवानगीला वेगळं कार्यालय. घरपट्टीचं बिल आलं की "तू आमच्याच गावचा ना रे?" त्याचं स्वतःचं घरही त्याच गावात, त्याच्याही दारावर तेच बिल चिकटलेलं. नव्या कार्यालयाने त्याला निदान बिलाचा हिशेब समजावून द्यावा, टप्पे कसे आहेत ते सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. बहुतेक ठिकाणी त्याला बिलांचा गठ्ठा मिळतो आणि वाटायची मुदत मिळते.

आता तुम्ही काय करावं? प्रस्ताव अजून शासनाकडेच आहे, म्हणजे वेळ आहे, आणि खरं काम अधिसूचनेच्या आधीच करता येतं. नंतर प्रशासक, निवडणूक, न्यायालय यांत कुणालाच सवड राहत नाही. तिन्ही ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांची यादी गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीने आत्ताच मागवा आणि ती कुठल्या तारखेची हे त्यावर ठळक लिहून घ्या. प्रत्येकाच्या हजेरीपटाच्या आणि पगारपत्रकाच्या छायांकित प्रती घेऊन ठेवा. त्यांचा एक संच त्या माणसाच्या हातात द्या. हे शेवटचं मुद्दाम सांगते आहे. आपल्या नोकरीचा पुरावा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात आला, यावर लोकांचा सूर कसा बदलतो ते मी पाहिलं आहे.

समावेशन किती जणांचं होऊ शकेल, किती जणांचं नाही, आणि जुनी सेवा धरली जाईल की नाही, हे तुम्हाला आज जेवढं माहीत आहे तेवढं सरळ सांगा. "सगळ्यांना घेऊ" असं कुणी पुढारी सभेत बोलून जाईल, तुम्ही बोलू नका. वाईट बातमी लवकर मिळाली तर माणूस दुसरी सोय बघतो, न्यायालयात जायचं तर वेळेत जातो. तुमच्या रोजंदारीवाल्यांनाही वेगळं बोलवा, गावाकडच्यांबरोबर एकाच बैठकीत नको. त्यांची रांग कुठे आहे ते त्यांना आधी कळू द्या.

आणि मत जाणून घ्यायचंच असेल तर केबिनमध्ये विचारू नका, "हद्दवाढ कशी वाटते" असं तर मुळीच विचारू नका. सकाळी सहाला हजेरीच्या जागी जा, मुकादमाला थोडा लांब पाठवा, आणि पगार कधी होतो, सेवापुस्तक शेवटचं कधी पाहिलं, पाणी कोण सोडतं असं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर ज्या माणसाचं नाव सगळे एकदम घेतील, त्याचा आदेश आकृतिबंधात कुठे बसतो ते आल्यावर आस्थापना लिपिकाला शोधायला सांगा. बसत नसेल तर विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठवा, आणि तो मुख्य प्रस्तावाच्या मागे जोडू नका, वेगळा पाठवा, नाहीतर मंत्रालयात परिशिष्टातच राहतो.